सावित्रीच्या खोऱ्यातला तांबडा विंचू

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावलेली सावित्री सह्याद्रीचा कडा उतरून पोलादपूरच्या बाजूने खाली येते आणि महाडपाशी गांधारीला पोटात घेऊन बाणकोटच्या खाडीकडे निघून जाते. ह्या खोऱ्याचा इतिहास आजवर ज्यांनी लिहिला त्यांनी तो मुख्यतः गडांचा, घाटांचा आणि तहनाम्यांचा लिहिला, व ते स्वाभाविकच होते. कारण एका अंगास प्रतापगड आणि दुसऱ्या अंगास रायगड उभा असताना, १७९६ साली नाना फडणिसांनी जेथे बसून निजामाशी तह केला आणि १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांनी जेथे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या महाड गावाविषयी लिहिणाऱ्याची नजर भिंतीच्या भेगेत दडलेल्या विंचवाकडे जाण्याचे काही कारण नव्हते. तथापि ह्या मुलखावरून राज्ये आली आणि गेली त्या सगळ्या काळात येथल्या कुणब्याच्या, धनगराच्या आणि कातकऱ्याच्या लेकरांचा एक नित्याचा वैरी ह्या बोटाएवढ्या तांबड्या जिवाच्या रूपाने घरातच वस्तीला होता, आणि त्याच्या नांगीतून येणारा मृत्यू कसा आवरला गेला ही हकीकत एखाद्या तहनाम्याइतकीच ह्या खोऱ्याच्या दफ्तरी नोंदली जाण्याच्या योग्यतेची आहे.

विंचवाला जे जे हवे ते ते ह्या घरांनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या आयते पुरविले. दगडमातीच्या किंवा जांभ्याच्या भिंती, कुडाचे आडोसे, गवताने शाकारलेले छप्पर, पडवीत रचलेला लाकूडफाटा, शेणींचा ढीग, परड्यात पेंढ्याची उडवी आणि राबासाठी तोडून ठेवलेल्या टहाळ्यांचे भारे, अशा ठिकाणी दिवसभर पडून राहावे आणि रात्री किड्यांच्या शोधात बाहेर पडावे हा त्याचा क्रम. आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, जेव्हा उकाड्याने जीव नकोसा होऊन माणसे भुईवर अंथरूण टाकतात आणि पावसाच्या आधी शाकारणीसाठी जुने गवत हलवितात, तेव्हा ह्या दोन रहिवाशांची गाठ हमखास पडे. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, परंतु त्याचा दंश बहुधा जिवावर बेतत नाही. जीव घेणारा तो लहान तांबडा. फाब्रिसियस नावाच्या डॅनिश पंडिताने १७९८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि १९०० साली पोकॉकने हिंदुस्थानातील अष्टपाद प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात त्याच्या येथल्या प्रकाराला कोकणचे नाव जोडले. एवढ्यावर विद्वानांचे काम संपले होते. दंश झालेल्याचे काय करायचे हा प्रश्न गावातल्या उतरविणाऱ्याकडे होता.

विंचू उतरविणे हा एक व्यवसाय होता, जरी त्याचे मोल पुष्कळदा नारळ-सुपारीपलीकडे जात नसे. कोणी मंत्र पुटपुटत लिंबाच्या डहाळीने अंगावरून उतारा करी, कोणी आघाड्याचे मूळ उगाळून लावी, कोणी चिंचोका दगडावर घासून दंशावर चिकटवी. ह्या लोकांना सरसकट भोंदू म्हणणे मला न्याय्य वाटत नाही. त्यांतले बहुतेक रात्री-अपरात्री हाकेला उठून जात आणि त्यांना जे ठाऊक होते ते प्रामाणिकपणे करीत. त्यांच्या यशाचे रहस्य विषाच्या स्वभावातच होते: ज्याला दंशाच्या जागी असह्य ठणका लागतो आणि जो आकांताने घर डोक्यावर घेतो, त्याच्या शरीरात विष बहुधा फार पसरलेले नसते, आणि त्याचा ठणका काही तासांनी आपोआप ओसरतो. मंत्राचे श्रेय ह्या ओसरण्यावर उभे राहिले. उलट ज्या मुलाला दुखत थोडेच असते, पण जे ओकते, घामाने निथळते आणि ज्याचे हातपाय गार पडत जातात, त्याच्यापुढे मंत्र संपेपर्यंत पहाट होई आणि पहाटेस त्याच्या तोंडानाकातून गुलाबी फेस येई. मग लोक म्हणत, इंगळी लागली होती, आयुष्यच तेवढे होते.

वनस्पतींच्या ह्या तोडग्यांची शास्त्रशुद्ध झडती मुंबईच्या हाफकिन संस्थेत १९३० च्या सुमारास डॉ. म्हसकर आणि फादर कायस ह्या जोडीने घेतली. सर्पदंशावर व विंचुदंशावर म्हणून परंपरेने सांगितलेल्या शेकडो वनस्पती त्यांनी एकेक करून तपासल्या आणि त्या विषावर निरुपयोगी असल्याचा निर्वाळा दिला. आमच्या वनौषधीग्रंथांत आघाड्यासारख्या नावांपुढे आजही त्यांच्या ह्या निर्णयाचे कोरडे वाक्य वाचायला मिळते. परंतु जुने उपाय खोटे ठरविणे ही अर्धीच कामगिरी होती, कारण त्यांच्या जागी ठेवायला दवाखान्याजवळही काही नव्हते. १९६१ साली डॉ. मुंडले ह्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विंचुदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरून रोगी दगावतात हे नोंदविले, आणि तरीही पुढील वीस वर्षे सरकारी दवाखान्यांतून जे दिले जाई ते म्हणजे स्टेरॉइडे, अ‍ॅलर्जीवरील इंजेक्शने, गुंगीच्या औषधांचे मिश्रण, कोठे डिजिटॅलिस तर कोठे अ‍ॅट्रोपीन. ह्यांतल्या पहिल्यांचा उपयोग नव्हता आणि शेवटचे तर आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळविणारे होते. सारांश, उतरविणारा आणि डॉक्टर ह्यांच्यात त्या काळी फरक असलाच तर तो पोषाखाचा होता.

ह्या परिस्थितीत १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे कोकणातले नव्हते; त्यांचा जन्म १९५१ चा, जालन्याकडील देहेड ह्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरातला, आणि वैद्यकीचे शिक्षण नागपूरचे, तेही मिळेल ती मजुरी करून घेतलेले. नागपूरच्या पुस्तकांत तांबड्या विंचवाविषयी त्यांना उपयोगी पडेल असे काही नव्हते. बिरवाडीस मात्र रात्र पडली की रोगी येत, आणि येणाऱ्यांपैकी, त्यांनीच पुढे प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे, गंभीर अवस्थेतले शेकडा तीसच्या आसपास मरत. अशा जागी नेमणूक झालेला माणूस बहुधा बदलीच्या अर्जाची तजवीज करतो. ह्यांनी रोग्याच्या खाटेशेजारी बसून दर तासाला काय घडते ते वहीत टिपून ठेवण्यास आरंभ केला, आणि ह्या खोऱ्याच्या इतिहासात जर कोणत्या दस्तऐवजाला मी सनदेचे मोल देईन तर त्या टिपणांना देईन.

त्या टिपणांतून एक क्रम उघड झाला. प्रथम वांती, दरदरून घाम, तोंडास लाळ, पुरुषांत व मुलग्यांत अकारण शिश्नोत्थान. ही लक्षणे काही वेळाने मागे पडत आणि त्यांच्या पाठोपाठ हातपाय बर्फासारखे गार, नाडी वेगवान, रक्तदाब चढलेला. आणि हा चढलेला दाब पाहून रोगी सुधारतो आहे असे समजणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्यांदेखत पुढे हृदय थकून फुप्फुसे पाण्याने भरत. म्हणजे मृत्यूच्या आधी त्याच्या आगमनाची वर्दी देणारी चिन्हे होती, आणि ती वाचण्यास हात, डोळे आणि दाबमापक ह्यांखेरीज काही लागत नव्हते. ‘लॅन्सेट’ ह्या जगन्मान्य नियतकालिकाने १९८२ साली हे निरीक्षण छापले. खेड्यातल्या केंद्रातून, ग्रंथालय जवळ नसताना, असा निबंध लंडनला जाऊन छापला जाणे ही गोष्ट तेव्हाही अपूर्व होती आणि आजही विरळाच आहे.

आता ह्या क्रमामागचे कारण पाहिले पाहिजे. विंचवाचे विष म्हणजे एक द्रव्य नसून पुष्कळशा लहान प्रथिनांचे मिश्रण आहे, आणि त्यांतल्या प्रमुख प्रथिनांचे लक्ष्य असते मज्जातंतूच्या आवरणातील सोडियमचे द्वार. भातखाचराच्या मेरेला पाणी सोडण्यासाठी जसे तोंड ठेवतात आणि काम झाले की चिखलाचा गोळा दाबून ते बुजवितात, तसे हे द्वार क्षणभर उघडून मिटायचे असते. विष ते मिटू देत नाही. मग मज्जातंतू पुन्हा पुन्हा पेटतात आणि त्यांच्या टोकांतून व अधिवृक्क ग्रंथींतून नॉरअ‍ॅड्रेनलीन व अ‍ॅड्रेनलीन ह्या संदेशवाहक द्रव्यांचा लोंढा रक्तात उतरतो. हा संदेश पेशीला कळतो तो तिच्या आवरणात बसविलेल्या ग्राहक प्रथिनाकरवी. १९४८ साली अमेरिकेतील रेमंड अल्क्विस्ट ह्यांनी, अशी ग्राहके कोणी पाहिलेली नसताना, केवळ निरनिराळ्या अवयवांचे प्रतिसाद ताडून त्यांचे आल्फा आणि बीटा असे दोन वर्ग केले होते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू आवळले जातात ते मुख्यतः आल्फा वर्गाच्या आज्ञेने. बिरवाडीच्या खाटेवरचे गार पाय म्हणजे ह्याच आज्ञेची अंमलबजावणी होती: हातापायांकडील रक्तवाहिन्या मिटलेल्या, आणि त्या मिटलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदय दमलेले.

डॉ. बावस्कर मध्यंतरी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाले. ती पदवी घेऊन शहरात दवाखाना थाटणे सर्वांना समजण्यासारखे होते. ते परत आले ह्याच खोऱ्यात, पोलादपूरला. आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्याही ह्या कामात सहभागी झाल्या, पुढील बहुतेक निबंधांवर दोघांची नावे जोडीने आहेत. आवळलेल्या वाहिन्या सैल केल्या तर हृदयावरचा भार उतरेल, ह्या विचाराने त्यांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे प्रखर औषध शिरेतून ठिबकवून पाहिले. त्याने रोगी वाचू लागले. पण हे औषध उजेडापासून जपावे लागते, त्याचा थेंब न्‌ थेंब मोजावा लागतो आणि दाब तपासणारा माणूस उशाशी खिळून राहावा लागतो, म्हणून तालुक्याच्या दवाखान्याचा तो रोजचा उपाय होणे कठीण होते. तेव्हा त्यांची दृष्टी प्राझोसिनकडे वळली. हे रक्तदाबावरचे औषध १९७० नंतरच्या दशकात बाजारात आलेले, अल्पमोली, तोंडाने घ्यायचे, आणि त्याचे काम नेमके हेच की आल्फा ग्राहकांचा पहिला पोटवर्ग अडवून धरायचा. विंचवाने पाठविलेला संदेश थोपविता येत नसेल तर तो ऐकणारा कान तेवढा बंद करावा, अशी ही युक्ती होती.

‘लॅन्सेट’ने १९८६ साली ह्या उपचाराची हकीकत प्रसिद्ध केली. मात्रा शरीराच्या वजनाप्रमाणे, किलोमागे तीस मायक्रोग्रॅम. दर तीन तासांनी पुन्हा. आणि कोठवर, तर हातपाय ऊन व कोरडे होईपर्यंत. उपचाराची कसोटी रोग्याच्या तळपायावर ठेवलेल्या हाताने घ्यायची, हे मला ह्या साऱ्या प्रकरणातले सर्वांत मनोरम अंग वाटते, कारण ती कसोटी परिचारिकेला, आईला, रात्रपाळीच्या शिपायालाही समजणारी होती. गंभीर रोग्यांतले मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून एकाच्या घरात आले. कोकणाबाहेर, मराठवाड्यात, आंध्रात, कर्नाटकात जेथे जेथे हा तांबडा विंचू आहे तेथील डॉक्टरांनी हीच गोळी हाती घेतली.

येथे काळाचा एक हिशेब मांडण्याजोगा आहे. ज्या आल्फा ग्राहकाला पोलादपूरच्या रोग्यांत अडविले जात होते, ते प्रथिन म्हणजे रासायनिक दृष्ट्या नेमके काय, हे तोपर्यंत जगात कोणालाच पुरते ठाऊक नव्हते. त्याचे जनुक वेगळे काढण्यात, डरॅम येथील ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट लेफ्कोविट्झ ह्यांच्या प्रयोगशाळेत, सुझाना कोतेक्किया व त्यांच्या सहकाऱ्यांना १९८८ साली यश आले, म्हणजे प्राझोसिनवरील निबंधानंतर दोन वर्षांनी. ते जनुक परक्या पेशीत घालून तिच्याकडून ते प्रथिन घडवून घेता येऊ लागले, आणि मग कळले की पेशीच्या आवरणातून सात वेळा आतबाहेर विणलेले हे प्रथिन बाहेरचा संदेश मिळताच आतल्या बाजूस दुसऱ्या प्रथिनाला जागे करते व त्या साखळीच्या शेवटी पेशीतील कॅल्शियमचा साठा मोकळा होतो; स्नायूची पेशी आकसते ती ह्या कॅल्शियममुळे. ह्याच ग्राहकाचे आणखी एक, अधिक गंभीर काम उघडकीस आले. १९८३ साली सॅन फ्रान्सिस्कोत पॉल सिम्पसन ह्यांनी काचपात्रात वाढविलेल्या उंदराच्या हृदयपेशींना नॉरअ‍ॅड्रेनलीन दिले तेव्हा त्या आल्फा मार्गाने फुगून मोठ्या झालेल्या आढळल्या होत्या. आणि १९९१ साली ड्यूकच्याच मंडळींनी ह्या प्रथिनाचा असा एक बिघडलेला अवतार तयार केला की जो संदेश नसतानाही सतत जागा राही. तो ज्या पेशींत घातला त्या बेबंद वाढू लागल्या व उंदरांत त्यांच्या गाठी झाल्या. वाहिनी आवळणारे प्रथिन पेशीच्या वाढीचा आणि प्रसंगी अर्बुदाचाही कारभारी असू शकते, हे तेव्हा सिद्ध झाले. लेफ्कोविट्झ ह्यांना ब्रायन कोबिल्का ह्यांच्यासह ह्या ग्राहककुलाच्या संशोधनाबद्दल २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली ती २०२२ साली. दोन्ही सन्मान योग्यच. पण प्रथिनाचा फोटो हाती येण्याआधी त्याचा कान बंद करून माणसे वाचविणाऱ्याचे काम कमी बुद्धीचे होते असे जर कोणी म्हणेल तर त्याच्याशी माझा वाद आहे.

वाद आणखीही एक झाला, आणि तो मुंबई व महाड ह्यांच्यातला होता. मुंबईतील शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती ह्यांनी प्राण्यांवरील दीर्घ प्रयोगांवरून असे प्रतिपादन केले की ह्या विषाचा खरा घाव चयापचयावर आहे: अ‍ॅड्रेनलीनच्या लोंढ्यात स्वादुपिंडाचा इन्सुलिनचा स्राव दबतो, मेदाम्ले रक्तात वाढतात, हृदयाचे इंधन बिघडते, म्हणून रोग्याला ग्लुकोजबरोबर इन्सुलिन द्यावे. इन्सुलिन हेही पेशीला संदेश देणारे प्रथिनच, आणि योगायोग असा की बिरवाडीची निरीक्षणे ज्या १९८२ साली छापली गेली त्याच साली जिवाणूंकडून घडवून घेतलेले मानवी इन्सुलिन औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले. आपल्याकडे असे इन्सुलिन वॉकहार्ट कंपनीने औरंगाबादेत बनवून २००३ साली विक्रीस आणले. डॉ. मूर्तींचे म्हणणे तर्काला धरून होते. परंतु इन्सुलिनची धार चालू असताना साखर वारंवार मोजावी लागते, आणि ज्या वाडीवरून रोगी डोलीत घालून खाली आणायचा तेथल्या दवाखान्यात प्राझोसिनची गोळीच सोयीची ठरली. तिच्या बाजूने व्यवहाराने कौल दिला.

खुद्द विषाला निष्प्रभ करणारे प्रतिविष यायला पुष्कळ उशीर लागला. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्याच्या रक्तद्रवातून प्रतिविष काढण्याची रीत सापांसाठी जुनीच होती. तांबड्या विंचवासाठी ती लागू झाल्यावर चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या रुग्णालयात डॉ. नातू व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अनुभव घेऊन २००६ साली प्रसिद्ध केला. महाडास बावस्कर दांपत्याने सत्तर रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन सारखे गट केले. एकास केवळ प्राझोसिन, दुसऱ्यास प्राझोसिन व प्रतिविष. दहा तासांनी दुसऱ्या गटातील पस्तिसांपैकी बत्तीस पूर्ण बरे झाले होते, पहिल्यातील आठ. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०११ साली हे प्रसिद्ध केले. ज्या माणसाची कीर्ती प्राझोसिनवर उभी होती त्यानेच प्राझोसिनला जोड हवी हे आकड्यांनी दाखवून दिले, आणि शास्त्रज्ञाची पारख करायची तर मी ह्याच निबंधावरून करीन. लवकर बरे होण्याचा लाभ प्रतिविषाने होतो, परंतु ते जेथे नसेल तेथे गोळीने जीव राखता येतो, असा त्यातून निघणारा व्यवहार.

इकडे हे चालले असता खुद्द ह्या विंचवाची प्रतिष्ठा दूरदेशी वाढत होती. त्याच्या विषातून १९९० साली अमेरिकेतील मर्क कंपनीच्या संशोधकांनी आयबेरियोटॉक्सिन नावाचे सदतीस अमिनो आम्लांचे एक लघुप्रथिन वेगळे काढले. पेशीतील पोटॅशियमच्या अनेक द्वारांपैकी एकच विशिष्ट मोठे द्वार ते बंद करते आणि बाकीच्यांना शिवत नाही, म्हणून रक्तवाहिनीचा स्नायू सैल कसा होतो, मूत्राशय आकसतो कसा, मज्जापेशी शांत कशी होते, अशा कितीतरी प्रश्नांच्या उकलीसाठी जगभरच्या प्रयोगशाळांनी ते हाती धरले. २००२ साली त्याच विषातून एकतीस अमिनो आम्लांचे टॅमापिन निघाले. ते दुसऱ्या, लहान पोटॅशियम द्वाराचे कुलूप. आयबेरियोटॉक्सिन मिळविण्यासाठी आता विंचू लागतही नाही: त्याचा जनुकीय मजकूर जिवाणूत घालून ते प्रथिन घडवून घेतात आणि मिलिग्रॅमच्या अंशांनी कुप्यांतून विकतात.

महाड-पोलादपूरच्या गावांतून आता गवताची छपरे जवळपास गेली, कौले आणि पत्रे आले, पडवीला फरशी झाली, बिरवाडीच्या आसपास औद्योगिक वसाहत उभी राहिली. विंचवाने मुक्काम दगडांच्या बांधावर आणि विटांच्या राशीत हलविला आहे. तो गेलेला नाही. आरोग्य केंद्रांच्या कपाटात प्राझोसिन असते, आणि रोग्याला तेथे आधी आणायचे की आधी उतरविणाऱ्याकडे न्यायचे हा निर्णय घरातले वडीलधारे माणूस करते. वरच्या वाड्यांवर तो अजूनही काही वेळा दुसऱ्या बाजूने होतो व त्यात दोनतीन तास जातात. प्रतिविषासाठी मात्र जुनीच रीत चालू आहे. जिवंत तांबडे विंचू पकडून आणावे लागतात, नांगीच्या मुळाशी विजेचा हलका झटका देऊन टोकाशी जमलेला थेंब टिपावा लागतो, तो वाळवून घोड्याला टोचावा लागतो, आणि घोड्याचे रक्त तयार व्हायला महिने जातात.